आठ नंबरची जर्सी

एडना थॅकरे मला कधीच आवडली नाही, आजही आवडत नाही. हॅगथॉर्पच्या आमच्या रग्बी लीग क्लबाचे कपडे ती धुते. गावची खाण बंद पडली, तिचा नवरा गेला, प्रशिक्षक आले नि गेले. ही बाई मात्र मशीनपाशी तशीच, तोंडात पेपरमिंट आणि जिभेवर विष. एखाद्याच्या जर्सीला चिखल कमी दिसला की ती सगळ्यांदेखत उजेडात धरते आणि विचारते, "काय रे, आज सुट्टीवर होतास?"

आमच्याकडे एक रीत आहे. मोसमातला शेवटचा सामना झाला की जर्सी धुवायला द्यायची नाही, ज्याने घातली त्याने घरी न्यायची. त्या वर्षी आम्ही कसेबसे प्लेऑफमध्ये पोचलो होतो. उपांत्य सामना रेवनशॉच्या मैदानावर, आणि तिथे आम्ही कधीच जिंकलेलो नव्हतो; हरलो की मोसम संपला. त्यामुळे जातानाच बसमध्ये पोरांनी तोंडीच जर्सी वाटायला घेतल्या. कोणी सासऱ्याला देणार, कोणी पबात लावणार. मीही म्हणालो, "माझी आठ नंबरची भाच्याला कबूल केलीय."

पुढच्या सीटवरून एडना वळली. "म्हणजे आजचा शेवटचा?"

"अहो, गंमत चाललीय."

"मग जाता कशाला? इथूनच बस वळवा की. डिझेल तरी वाचेल."

मध्यंतराला आम्ही बारा-शून्य मागे. प्रशिक्षक जिद्दीवर प्रवचन देत होता, कोणाचं लक्ष नव्हतं. एवढ्यात एडना कपड्यांची टोपली घेऊन ड्रेसिंग रूममध्ये घुसली आणि ती मधोमध आपटली.

"सामना संपला की सगळ्या जर्सी ह्यात. शनिवारी अंतिम सामन्याला धुतलेल्या लागतील."

"आणि हरलो तर?" कोणीतरी विचारलं.

"तरी ह्यातच. पळपुट्यांच्या आठवणी मी कोणाच्या भिंतीवर लागू देणार नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तरार्धात आम्ही रेवनशॉशी कमी आणि त्या बाईशी जास्त खेळलो. दोन गुणांनी जिंकलो. शेवटच्या धडकेत माझं गळ्याजवळचं हाड मोडलं.

डॉक्टरने जर्सी कापायला कात्री काढली. एडनाने त्याचं मनगट धरलं. "कापायची नाही. शनिवारी कोणाला तरी घालायचीय." आणि तिने ती माझ्या डोक्यावरून ओढून काढली. मी गुरासारखा ओरडलो. खोलीत एवढी माणसं होती, एकानेही तिला अडवलं नाही.

शनिवारी माझी जर्सी घालून फिनिगन खेळला. हा पोस्टमन अख्खा मोसम बाकावर बसून होता. आम्ही चषक जिंकला, मी हात गळ्यात बांधून बघत होतो. नंतर एडनाकडे गेलो. ती टॉवेल गोळा करत होती.

"माझी जर्सी द्या."

"फिनिगन घेऊन गेला. ज्याने शेवटी घातली त्याची."

"वर्षभर मी घातलीय. हाड मोडून घेतलंय."

"हाड क्लबासाठी मोडलंस, त्याचे आभार." तिने मान वरसुद्धा केली नाही. "जर्सी तर तू बसमध्येच देऊन टाकली होतीस."

फिनिगनने ती पबात काचेच्या चौकटीत लावलीय. मी आता दुसऱ्या पबात जातो. एडनाशी अजून बोलत नाही. यंदा पुन्हा उपांत्य सामना आहे, आणि भाच्याने परवा पुन्हा जर्सी मागितली. अंतिम सामना होईपर्यंत तो शब्द काढू नकोस, म्हणून मी त्याच्यावर खेकसलो.