विसळलेली बाटली

"तुमी मले भर कोर्टात खोटारडा ठरवून राह्यले, वकीलबाई!"

"मी? उलट मी खरं सांगा म्हणून राह्यली, रामकिसनभाऊ!"

"तेच त! न वाचता सही ठोकली, हे म्या जजसाहेबाइले सांगू? पंचवीस वर्सं झाले, कोनाची वाटनी असो का कोनाच्या वावराचा धुरा असो, गाव मले बलावते. रामकिसनची सही म्हंजे सही!"

"म्हणूनच त उद्या तुमाले बोलावलं."

"मंग पंचनाम्यात लिव्हलं तेच सांगतो. बात खतम."

वाशीमच्या न्यायालयासमोर, टिनाच्या छपराची एक खोली. दुपारचे चार. बाकावर प्रयागबाई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. खटला तिच्या विहिरीचा. आसेगावच्या शिवारात तेलाचा कारखाना आला, नाल्यातून काळं पाणी वाहू लागलं, आणि नाल्याकाठच्या तिच्या विहिरीवर तवंग धरला. सरकारने कारखान्यावर खटला भरला. सरकारच्या बाजूने उभी होती वैजयंती, आणि तिचा पंच साक्षीदार होता गावचा रामकिसन.

अर्ध्या तासापूर्वी यातलं काही नव्हतं. चहा झाला होता, हसणं झालं होतं. मग वैजयंतीने नेहमीप्रमाणे टेबलावर नमुन्याची रिकामी बाटली ठेवली होती. साक्षीच्या आदल्या दिवशी ती साक्षीदाराला नुसतं बोलू देत नाही, करून दाखवायला लावते. कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवून म्हणाली होती, "ही समजा प्रयागबाईची विहीर. नमुना घेतला त्या दिवशी जसं केलं, तसंच करा."

रामकिसनने बाटली उचलली. माठातलं घोटभर पाणी तिच्यात घेतलं, मनगट फिरवून खळखळ विसळलं, खिडकीतून बाहेर फेकलं आणि मग बाटली गळ्यापर्यंत भरली. उंबऱ्याशी चपला काढाव्यात तितक्या सहज.

वैजयंतीचा पेन थांबला.

"भाऊ, हे काय केलं?"

"काय केलं? विसळली."

"त्या दिवशीबी?"

"मंग? पाहुन्याच्या हाती भांडं द्याचं, अन् विसळल्याबिगर? बुडाशी काईतरी पानीबी होतं त्याच्यात. झोंबरा वास येत होता. देलं फेकून."

ते पाणी नव्हतं. ते औषध होतं, अ‍ॅसिडचे थेंब. विहिरीतली घाण प्रयोगशाळेपर्यंत जशीच्या तशी टिकावी म्हणून आधीच टाकून आणलेले. नमुना घ्यायला आलेला अधिकारी तेव्हा बाटली रामकिसनकडे देऊन जीपपाशी चिठ्ठ्या लिहीत होता. आणि पंचनाम्यात स्वच्छ लिहिलं होतं : सीलबंद बाटली आम्हां पंचांसमक्ष उघडून थेट विहिरीच्या पाण्याने भरली. खाली रामकिसनची सही, वळणदार.

वैजयंती बावीस वर्षं हेच काम करत आली होती. ती माळ्याची लेक. तिची आई गोजराबाई वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजारात वांगी विकायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची, "माही पोरगी सरकारची वकील हाय, तराजूले हात लावू नको." अकोल्याला वकिली शिकली, मग जमिनीच्या भांडणांत कमाई असताना हिने नाले-नद्यांची सरकारी कामं घेतली. एसटीतून हिंडायची, पिशवीतून बाटलीचं तोंड बाहेर डोकावायचं. बार रूममधले वकील छेडायचे, "वैजयंतीबाई, दारूबंदीच्या केसा घेता का हो?" ती म्हणायची, "नाही, तुमच्या अशिलांची घाण भरून ठेवते. लागली तर मागा." हसणारे हसायचे, पण तिची बाटली न्यायालयात आली, की समोरचा वकील घाम पुसायचा.

मात्र एक खटला तिने कुणालाच कधी सांगितला नव्हता. वकिलीचं तिसरं वर्ष. पंचनाम्यावरची तारीख चुकली होती. तिला आदल्या दिवशीच दिसली होती. समोरच्याला कशाला दिसेल, म्हणून ती गप्प राहिली. समोरच्याला दिसली. हरिसिंग नावाचा पंच तासभर पिंजऱ्यात उभा होता. "सांगा, तुम्ही त्या दिवशी होतात की नव्हतात? मग हे खोटं कुणी लिहिलं?" त्याची मान खाली खाली जात राहिली. कारखाना सुटला. पुढे कारंज्याच्या बसस्टँडवर हरिसिंग दिसला, तर तिला पाहून तो पानठेल्यामागे गेला. चूक तिची होती. लपला तो.

हे सगळं आता रामकिसनला सांगावं का?

"भाऊ, ऐका," ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली. "समोरचा वकील हुशार आहे. विचारीन, बाटली विसळली का? तुमी नाई म्हणान. मंग तो तुमच्या हाती बाटली देईन अन् भरा म्हणीन. तोंडानं नाई म्हणता येते, पण हा हात आपोआप विसळून मोकळा होईन. आत्ता झाला तसा."

रामकिसनने आपला हात पाहिला आणि गुडघ्याखाली दाबला.

"अन् खरं सांगतलं त?"

"त मी प्रयोगशाळेतल्या बाईले उभी करीन. त्या सांगतीन का औषध सांडलं त घाण कमी दिसते, जास्त नाई. कमी दिसूनबी एवढी निघाली! आपली बाजू मोडत नाई, भाऊ. लपवलं तरच मोडते."

"केस तुमची नाई मोडत. अन् माही इज्जत? उद्या गाव म्हनीन, रामकिसन न वाचता सह्या ठोकते. मागच्या साऱ्या वाटन्या उकरतीन लोकं! माह्या सहीवर भाऊ-भाऊ घरं वाटून बसले हायेत, बाई."

वैजयंतीने पंचनाम्यावरची ती वळणदार सही पुन्हा पाहिली. तो खोटं बोलत नव्हता.

तेव्हा प्रयागबाई पहिल्यांदा बोलली.

"भाऊजी, माही म्हैस त्या पान्याले तोंड लावत नाई. कारंज्याच्या बाजारात माही मेथी उचलतेत, हुंगतेत, ठेवून देतेत. कोनी भांडत नाई. भांडले असते त बरं होतं." तिने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "विसळाले पानी म्याच आनून देलं होतं, घरच्या पितळी गुंडातलं. चांगलं गाळलेलं. मले वाटलं, साहेबाइची बाटली हाय, खराब नको दिसाले. मीबी सांगीन ना. तुमी एकटेच कायले?"

बाहेर कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं, ती काही केल्या सुरू होत नव्हती.

"उद्या अकरा वाजता," वैजयंती सावकाश म्हणाली, "मी वाट नाई पाहणार समोरच्यानं विचारायची. माहा पहिला प्रश्न हाच राहीन. रामकिसनभाऊ, बाटली कोणी विसळली? काय सांगान?"

त्याने टेबलावरची बाटली उचलली. झाकण शोधलं, बसवलं, घट्ट पिळलं. बाटली तिच्या कागदांवर नको म्हणून जरा बाजूला ठेवली. मग दुपट्टा खांद्यावर टाकला, प्रयागबाईकडे न पाहता चपला पायात सरकवल्या, आणि उन्हात निघून गेला.