इंजिन बंद पडण्याची वेळ, सकाळी साडेअकरा

माझं माहेर सुरतेच्या पांडेसऱ्यात आणि सासरही तिथलंच, दोन गल्ल्या सोडून. सासरे मिलमध्ये कापड रंगवण्याच्या खात्यात होते. वाफेनं त्यांना दम लागायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जरा हवा बदला." सासऱ्यांनी ते इतकं मनावर घेतलं की सुरतेपासून दोन-अडीच तासांवर, धरणाच्या पाण्याकाठी, चार खोल्यांचं कौलारू घरच भाड्यानं घेतलं. वर "खाण्याची आणि राहण्याची सोय" असा बोर्ड स्वतः रंगवला. अक्षरं वेडीवाकडी होती, पण रंग असे झगझगीत की मोटारी आपोआप हळू व्हायच्या.

तेव्हा काठावर आमच्याखेरीज राहण्याची एकच सोय होती, शेजारच्या गुजराती काकांची. त्यांच्याकडे सात खोल्या आणि बारा माणसांची इंजिनाची बोट. आमच्याकडे वल्ह्यांची एक होडी, ती सासऱ्यांनी राणी रंगात रंगवलेली. शनिवारी सुरतेची मंडळी यायची आणि थेट काकांकडे वळायची. सासूबाईंना ते सहन होईना. त्यांनी वारा कुठून कुठे वाहतो हे चार दिवस नीट पाहिलं आणि भरिताची वांगी भाजायची चूल अंगणाच्या अशा कोपऱ्यात हलवली, की कपाशीच्या काड्यांचा तो खरपूस धूर सरळ काकांच्या ओसरीवर जाई. तासाभरात त्यांचे पाहुणे आमच्या दारात ताटं मागत उभे.

काका काही कमी नव्हते. आमचे पाहुणे दुपारी जेवून आडवे झाले, की ते बोटीचा भोंगा तपासायला घ्यायचे. रोज.

अशी दोन वर्षं गेली. मग एका रविवारी काकांची बोट भर पाण्यात बंद पडली. बोटीत सुरतेचं एक कुटुंब आणि त्यांच्या मुलीला बघायला आलेली मंडळी होती. काठावरून काकांचा हलणारा टॉवेल दिसत होता. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या.

"काय व्हयनं?"

"काकांचं इंजिन गेलं वाटतं," मी म्हटलं.

मला वाटलं, आता त्या खूश होतील. त्या आत गेल्या आणि टोपलीत भाकरी भरायला लागल्या. "त्या लोके भुक्या शेतस. चाल, भरीत बांध."

नवरा वल्ह्यांवर बसला, मी आणि सासूबाई टोपल्या सांभाळत. आम्ही पोहोचलो तेव्हा दोन्हीकडची मंडळी घुम्यासारखी बसली होती. होडीतून बोटीत भाकरी, ठेचा, कांदा गेला आणि पाच मिनिटांत व्याही व्याह्याला आग्रह करू लागले. ठेच्यानं नवऱ्या मुलाच्या डोळ्यांतून पाणी आलं, मुलीनं आपला ग्लास पुढे केला आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात काकांचं इंजिनही फुरफुरलं. लग्न तिथंच ठरलं म्हणायला हरकत नाही.

कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता. पुढच्या शनिवारी काकांच्या ओसरीवर लोक विचारू लागले, "ते पाण्यातलं जेवण कधी असतं?" काका संध्याकाळी आमच्या अंगणात आले. आधी खाकरले, मग म्हणाले, "बेन, काल मारी बोट पाछी बंद पडे तो?" म्हणजे, उद्या बोट पुन्हा बंद पडली तर?

सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, "किती वाजता?"

साडेअकरा ठरले. त्यानंतर दर रविवारी काका पाण्याच्या मधोमध जाऊन इंजिन बंद करायचे, कपाळाला हात लावायचे, टॉवेल हलवायचे. पाहुणे घाबरायचे, मग राणी रंगाची होडी दिसायची आणि सगळे ओरडायचे. मला मनातून थोडं टोचायचं. मी एकदा सासूबाईंना म्हटलं, "हे खोटं आहे ना?"

"खोटं काय शे त्यामा? भूक खरी, भाकर खरी."

भोंगा थांबला. चूल मात्र तिथंच राहिली. ती हलवायला सासूबाईंना वेळ मिळाला नाही.

मग बारडोलीहून शिक्षिकांचा एक गट आला. त्या रविवारी साडेदहालाच टॉवेल हलू लागला. वांगी अजून चुलीवर होती.

"काका आज घाईत आहेत," नवरा म्हणाला.

सासरे खुर्ची टाकून बघत बसले. "आज काम झकास करतोय," ते म्हणाले. "बघ, उड्या मारतोय. आता डोकं बडवतोय." आम्ही चहा घेतला. पाण्यावर फोन लागत नाही, त्यामुळे काकांपाशी टॉवेलखेरीज दुसरा इलाज नव्हता. वाऱ्यानं बोट हळूहळू पलीकडच्या काठाकडे, बुडालेल्या झाडांच्या खुंटांकडे सरकत होती. सासरे म्हणाले, "जागा बदलली. छान. तिकडे सावली आहे."

वेळेवर निघून आम्ही पोहोचलो, तेव्हा काकांचा आवाज पूर्ण बसला होता. बाया मात्र रंगात होत्या. मदत येईपर्यंत त्यांनी काकांकडून तीन गरबे म्हणवून घेतले होते.

"बेन," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आज सच्ची बंद पडी छे!"

सासूबाईंनी टोपली खाली ठेवली. "मंग आधी सांगाले काय व्हयनं व्हतं?"

काकांनी टॉवेलकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

जेवणं झाल्यावर दोर बांधला. एक वल्हं नवऱ्याकडे, एक माझ्याकडे. मागे बारा माणसांची बोट आणि त्यातली गाणी. तीन तास लागले. माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले. वाटेत एका बाईंनी कौतुकानं विचारलं, "हे ओढत नेणं रोजच असतं का?"

"नही नही," काका तत्परतेनं म्हणाले. "खास मेहमानोंके लिए."

नवऱ्यानं वल्हं थांबवून मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. काका लगेच डोंगर दाखवू लागले.

संध्याकाळी ते एकटेच आमच्या ओट्यावर आले आणि "मैं भी खाऊंगा" म्हणून मांडी घालून बसले. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडचा घास कधी तोंडात घातला नव्हता. शेवभाजीचा पहिलाच घास घेतला आणि कानापर्यंत लाल झाले. मी पाण्याचा तांब्या ठेवला, तो संपला. दुसरा ठेवला. सासूबाईंना कधी नव्हे ते वाईट वाटलं. "फिकी करी दिऊ का?" त्यांनी विचारलं.

काकांना बोलता येत नव्हतं. त्यांनी जोरजोरात नाही म्हणून मान हलवली आणि वाटी पुढे केली.