आधी गुडघे, मग देव

सांता एउफेमियाच्या चर्चची किल्ली एकेचाळीस वर्षं एर्सिलियामावशीकडे होती. वीतभर लांब, लोखंडी, मारली तर माणूस आडवा होईल अशी. चर्चच्या दारावर पाटी होती, ‘आत जायचं असल्यास समोरच्या घराची घंटा वाजवा.’

घंटा वाजली की मावशी वरच्या खिडकीतून डोकावायची. चेहऱ्याकडे बघायची नाही. आधी गुडघे, मग खांदे. काही उघडं दिसलं की खाली येताना खुंटीवरचा एखादा जुना स्कर्ट घेऊन यायची आणि समोरच्याला तो चढवायला लावायची. तिथे बाई, बाप्या, प्रोफेसर असा भेद नव्हता. लोक दूरदूरच्या देशांतून आमच्या मोन्तेरावोच्या डोंगरावर भित्तिचित्रं बघायला यायचे आणि मावशीचा स्कर्ट नेसून फोटो काढून जायचे. माझा कॉफीचा बार तिच्या भिंतीला भिंत लावून आहे, त्यामुळे ही करमणूक मला रोज फुकट.

यंदा मे महिन्यात बिशपांच्या कचेरीतून पत्र आलं. दाराला आकड्यांचं कुलूप बसणार, आकडे दाबले की दार उघडणार, तेव्हा किल्ली जमा करावी. फादर तार्चिसियो स्वतः येऊन ताब्यात घेतील. दोन दिवस मावशीकडून कांदा परतल्याचा वास आला नाही. तेव्हा मात्र मला काळजी वाटायला लागली.

शुक्रवारी सकाळी साठीचा एक गृहस्थ सायकल दामटत चढ चढून आला. घामाने निथळत होता आणि अंगाला चिकटलेली पिवळी चड्डी घालून होता. त्याने घंटा वाजवली.

“बाई, चर्च उघडता का जरा?”

“गुडघे,” खिडकीतून मावशी म्हणाली.

“अहो, मी फादर तार्चिसियो. बिशपांच्या कचेरीतून आलोय.”

“हो का? आणि मी पोपची आत्या.”

त्याने ओळखपत्र वर धरलं. मावशी खाली आली, चष्मा लावून तिने ते दोन्ही बाजूंनी वाचलं. “चेहरा जुळतोय,” ती म्हणाली, “पण माझी तक्रार चेहऱ्याबद्दल नव्हतीच.”

मी इतका हसलो की माझं दूध उतू गेलं. गॅस बंद करून मीही त्यांच्या मागून आत घुसलो. बिशपांचा माणूस निळ्या फुलांच्या स्कर्टमध्ये रोज थोडाच बघायला मिळतो!

आत गेल्यावर फादरांनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर शेवटच्या न्यायाचा दिवस रंगवलाय. दोनशे आत्मे थडग्यांतून उठताहेत आणि एकाच्याही अंगावर सूत नाही.

“बाई, हे सगळे तर नागडे आहेत!”

“मेलेत ते. मेलेल्यांना मी अडवत नाही.”

“आणि ते वरचे देवदूत?”

“त्यांना पंख आहेत. तुम्हाला आहेत का?”

फादर हसत हसत बाकावर बसले. मग डोळे पुसून जरा चाचरतच कामाचं बोलले. कुलपाचं यंत्र चांगलं आहे, म्हणाले, सात भाषांत चित्रांची माहिती देतं.

“गुडघे बघतं?”

“नाही.”

“मग कसलं डोंबलाचं यंत्र!” मावशी फणकारली आणि तिने किल्ली त्यांच्या मांडीवर ठेवली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. “न्या. पण एवढं सांगा फादर, उद्यापासून माझी घंटा कोण वाजवणार? मुलगी रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस या किल्लीपायीच कुणीतरी दारात येतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बार घेतल्यापासून तीस वर्षं मी तिचा शेजारी, पण तिची घंटा कधी वाजवली नव्हती. काही हवं असलं की खालूनच ओरडायचो.

फादरांनी स्कर्टच्या फुलांवरून बोट फिरवलं.

“कुलूप बसणारच,” ते म्हणाले. “सह्या झाल्यात. पण आकडे कोणते ठेवायचे ते माझ्या हातात आहे. बाई, असे चार आकडे सांगा, जे तुम्ही जिवात जीव असेपर्यंत कुणालाही सांगणार नाही.”

मावशीने विचार केला. मग माझ्याकडे वळली. “नेरिओ, कान झाक.”

मी झाकले. ती फादरांच्या कानात काहीतरी पुटपुटली. फादर ताडकन उठले. “काय सांगता! वाटत नाही हो!”

“फादर!”

“बरं बरं, गप्प बसतो.”

ते तिच्या जन्माचं साल असणार हे मी तिथल्या तिथे ओळखलं. मावशीचं वय गावात कुणालाच ठाऊक नाही. विचारलं की ती एकोणसत्तर सांगते, आणि मी बार घेतला तेव्हाही एकोणसत्तरच सांगायची.

जूनमध्ये कुलूप बसलं. सात भाषा बोलतं, पण आकडे मावशीखेरीज गावात कुणाला माहीत नाहीत, आणि ती काही केल्या सांगत नाही. त्यामुळे लोक घंटा वाजवतात, ती खाली येते, सगळ्यांना चौकातल्या कारंज्याकडे तोंड करून उभं करते आणि पाठीचा आडोसा करून चार बटणं दाबते.

हल्ली दुपारी मीही घंटा वाजवतो, चर्च बघायचंय म्हणून. “साठ वर्षांत बघून झालं नाही का रे तुझं?” असं करवादत ती येते, आणि बराच वेळ बोलत बसते. पहिले दोन आकडे एक आणि नऊ आहेत, एवढं मी आतापर्यंत शोधून काढलंय.