चिंचेच्या पाण्यात टाकलेला शंख

डिसेंबर १९९८, नाशिकचं आमचं स्वयंपाकघर. हजर: मी आणि कॉलेजात भूशास्त्र शिकणारी माझी धाकटी नणंद, सुधा. आज हंडा घासताना चिंचेचा वास आला आणि तो दिवस आठवला.

द्वारकेच्या किनाऱ्यावरून आम्ही नखाएवढे, दगड झालेले शंख-शिंपले वेचून आणले होते. त्यांवरच्या बारीक रेघा पाहून सुधा एकेकाचं नाव शोधायची आणि मी वहीत उतरवायचे. कॉलेजात संग्रह द्यायचा होता. सगळ्यात सुंदर शंखाचं नाव मात्र सापडेना. रेघांत माती अडकली होती, म्हणून मी तो चिंचेच्या पाण्यात टाकून ठेवला. बुडबुडे आले. मला वाटलं, मळ निघतोय.

"वहिनी, काढ आधी! चुन्याचा आहे तो, आंबटात विरघळेल! देवाचं भांडं नाही!"

काढेपर्यंत रेघा गेल्या होत्या. लाखो वर्षं टिकलेलं मी एका दुपारीत पुसलं. मला रडू फुटलं. सुधाने शंख गालावर फिरवला आणि हसली, "काय गुळगुळीत झालाय! लिही वहीत, वहिनीने न्हाऊ घातला."

तेव्हा ती थट्टा मला लागली होती. आज वाटतं, तिने मला त्या अपराधीपणातून किती सहज सोडवलं! तसाच दुसरा शंख आणून देईन, असं मी तिला कबूल केलं होतं. द्वारकेला जायचं अजून राहिलंय.