आत्याच्या घरात जंत नव्हते

शाळेसाठी मला तासगावजवळच्या आमच्या गावातून सांगलीला आत्याकडे ठेवलं, तेव्हा मी चौथीत होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आत्या वडिलांची सख्खी बहीण, आमच्याच शेतात अनवाणी वाढलेली. पण वकिलाच्या घरात दिली आणि तिला खेड्याचा वाससुद्धा सोसेना. मी आले त्या दिवशी तिनं मला पुन्हा पुन्हा पाय धुवायला लावले आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, की आमच्याकडे पाणी उकळून पितात.

एका सकाळी संडासात मला जंत पडला, चांगला वीतभर. घाबरून मी आत्याला दाखवला. तिनं बादलीभर पाणी ओतलं आणि कुणापाशी बोललीस तर बघ, अशी तंबी दिली. पुढं थोड्याच दिवसांत पोट दुखायला लागलं. बेंबीपाशी उठलेली कळ उजवीकडे उतरली, उलट्या झाल्या, अंग तापलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. अपेंडिक्स वाटतंय, पण लहान मुलांना जंतांनीही असंच दुखतं, म्हणाले.

"हिला जंत पडतात का?"

मी तोंड उघडणार, तोच आत्यानं माझा दंड आवळला. "आमच्या घरात असलं काही नसतं, डॉक्टर."

जंतांना म्हणे वकिलाचं घर कळतं! अपेंडिक्स कसा मानाचा आजार, कलेक्टरच्या पोरालाही होतो. जंत म्हणजे शेणामातीतल्यांचे. घराची अब्रू राखायची तर भाचीचं पोट फाडणं तिला स्वस्त वाटलं. मला आजही त्या बाईची किळस येते, जंतांची नाही.

पोट फाडलं. अपेंडिक्स ठणठणीत होतं आणि शेजारच्या आतड्यात जंतांचा गुंता बसला होता. डॉक्टर चिडले, तर आत्यानं त्यांनाच गळ घातली, की बाहेर अपेंडिक्सच सांगा. मग भेटायला येणाऱ्या बायकांना ती ऐकवायची, वेळेवर आणलं म्हणून पोर वाचली. नाव मोठं, लक्षण खोटं.

आई गावाहून आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. नणंदेपुढं कधी मान वर न करणारी माझी आई खाटेपाशी उभी राहून म्हणाली, "वन्सं, पोरीनं दावला हुता तुमास्नी. मग गप का बसला?"

तुला नाही कळायचं, आम्हाला चार लोकांत राहावं लागतं, असं आत्याचं उत्तर.

टाके निघेपर्यंत मला प्रवास नको म्हणून आत्याकडेच ठेवलं. माझं अंथरूण स्वयंपाकघराला लागून होतं. त्याच आठवड्यात आत्याच्या धाकट्याचं पोट दुखू लागलं, तेही बेंबीपाशीच. त्याला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. आत्यानं लोणच्याच्या बरण्यांमागून जंताच्या औषधाची बाटली काढली आणि त्याला चमचाभर पाजलं. बाटली अर्धी संपलेली होती.