कासाईंची ताडपत्री

टोफूच्या तळलेल्या निम्म्या पिशव्यांत भात भरून झाला होता, निम्म्या ताटात तोंड वासून पडल्या होत्या, आणि तेवढ्यात यजमान, तोकुजी, दारात बूट काढताना दिसले. फुमिएबाईंच्या हातातला गोळा हातातच राहिला.

"अहो, तुम्ही इथे कसे? बागेत जागा कोण धरतंय?"

"ताडपत्री धरतेय की. तळ्याकाठच्या मोठ्या साकुराच्या झाडाखाली अंथरली, वर नाव चिकटवलं. बसून बसून बूड गारठलं गं माझं."

फुमिएबाईंनी अमिदा बुद्धाचं नाव घेतलं. देवळातल्या भजनी मंडळाची फुललेल्या झाडांखालची बहराची बैठक यंदा पहिल्यांदाच त्यांच्याकडे आली होती. गेल्या खेपेला हिसानोबाईंनी धरलेल्या जागेवर जेमतेम एक फांदी होती, तरी बाईंचं "आमच्या वेळी कशी झकास जागा होती!" वर्षभर चालूच होतं. यंदा जागा गेली, तर मंडळात तोंड दाखवायची सोय नव्हती.

"नाव नीट लिहिलंत ना?"

"ती अवघड चिन्हं थंडीत कोण काढत बसतं? लहान पोरं लिहितात तसं, नुसत्या उच्चाराच्या अक्षरांत लिहिलं. कासाई."

फुमिएबाई भरलेल्या पिशव्यांचा डबा उचलून एप्रनसकट धावल्या. नागोयात कासाई काय थोडे आहेत? आडनाव एक, पण प्रत्येकाची चिन्हं वेगळी. पण पोरांच्या अक्षरांत सगळे एकाच घरचे!

तळ्याकाठी व्हायचं तेच झालं होतं. ताडपत्रीच्या कडेला परक्या बुटांची रांग, आणि मधोमध डोक्याला टाय बांधलेले एक साहेब, आपल्या अख्ख्या कचेरीसह.

"या, या! आपण?"

"मी कासाई."

"काय सांगता! मीही कासाईच! बघा, आमच्या कचेरीतल्या पोरांनी काय जागा धरलीय. यंदा नावसुद्धा लिहिलं!"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या.

उठा म्हणून तोंडावर कसं सांगायचं? फुमिएबाई वाकल्या. "ताडपत्री छान आहे हो."

साहेबही वाकले. "छे छे, साधीच आहे."

"नाही कशी, चांगलीच आहे. त्या कोपऱ्यात सोया सॉसचा डाग आहे, तेवढा सोडला तर."

साहेबांनी कोपरा उचलून पाहिला. डाग होता. "तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या ह्यांनी सांडला होता."

साहेबांनी टाय ओढून काढला आणि कपाळ ताडपत्रीला टेकवलं. मागोमाग सगळी कचेरी आडवी झाली. नेमक्या त्याच वेळी हिसानोबाई मंडळ घेऊन पोचल्या.

"अगं बाई! ही माणसं तुमच्या पाया का पडतायत?"

फुमिएबाईंना खोटं बोलवेना, खरं सांगवेना. साहेबांनीच मान वर केली. "आम्ही बाईंची जागा उबदार करून ठेवत होतो!"

हिसानोबाईंनी फुलांनी लगडलेल्या फांद्या पाहिल्या, आडवी कचेरी पाहिली, आणि बूट काढले.

मग कुणीच उठलं नाही. दाटीवाटीने सगळे बसले. भजन सुरू झालं, साहेबांनी भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवल्या, आणि इतक्या माणसांत चहा केव्हाच संपला. फुमिएबाई उठल्या. बागेच्या फाटकाजवळच्या दुकानातून चहाच्या बाटल्या आणायच्या होत्या.