डबीचं टोपडं

जुस्तीनबायला उघडी वस्तू बघवत नसे. तिच्या घरात मिक्सरला टोपडं होतं, गॅसच्या बाटल्याला झगा होता, फ्रिजच्या मुठीला मोजा होता. रेडिओ कधीचा बंद पडलेला, तरी दर नाताळाला त्याला नवे कपडे मिळत. सगळं तिने स्वतः क्रोशाच्या सुईने विणलेलं. घरी नवीन माणूस आला की ती आधी पाणी द्यायची आणि मग त्याच्या हातातल्या मोबाइलकडे दयेने बघायची. "असाच उघडा फिरवता?" म्हणून विचारायची.

मी तिची शेजारीण. आमच्या वटार गावात तिच्या आणि माझ्या घराच्या मधे केळीची वाडी आहे आणि एक बावखल आहे. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं जुनं तळं. आता त्यात पाण्यापेक्षा बदकं जास्त. मी चौथीपर्यंत शिकले. आमची घरातली बोली लिहिली तर तुम्हाला अर्धी कळायची नाही, म्हणून शाळेत शिकवली तशी लिहिते.

आम्ही दोघी नवऱ्या म्हणून एकाच हंगामात वटारात आलो. माझ्या माहेरचा तांब्याचा हंडा ओट्यावर बघून ती दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी जाळीचं झाकण घेऊन आली. मी म्हटलं, हंड्याला थंडी वाजत नाही. ती म्हणाली, "धूळ तर बसते ना गो." धूळ हे तिचं सगळ्या प्रश्नांचं उत्तर होतं. फार छेडलं तर म्हणायची, "वस्तूची पण अब्रू असते, कात्री. तुला नाही कळायचं, तुझ्या पातेल्यांना सुद्धा झाकणं धड नाहीत." ते खरं होतं. मी ताटली ठेवून भागवते.

तिचा मुलगा विल्सन बायकोमुलीला घेऊन न्यूझीलंडला गेला. त्याची मुलगी जेनिस तिकडेच वाढली आणि तिचं तिकडच्याच एका गोऱ्या मुलाशी लग्न ठरलं. जुस्तीनच्या गुडघ्यांचं तेव्हा नुकतंच ऑपरेशन झालेलं. विमानात बसायला डॉक्टर नको म्हणाले. तिने रडारड केली नाही. सुई घेतली आणि नातीसाठी नवरीच्या डोक्यावरची जाळी विणायला बसली. पांढरा दोरा, तोही दुहेरी, मधे क्रूस आणि कडेने केळफुलं. पुरी झाली तेव्हा मी ती हातात घेऊन बघितली. चांगलीच वजनदार होती. मी म्हटलं, "ही डोक्यावर घ्यायची की हिने बोय मासे धरायचे? पोर घालणार नाही. दुकानातली झिरझिरीत आणेल आणि ही पेटीत ठेवेल."

"घालेल," जुस्तीन म्हणाली.

"पैज?"

"देवळात मिस्साला जाणारी बाई पैज लावते," ती म्हणाली आणि जाळी पार्सलात घातली.

लग्न झालं. विल्सनने फोटो पाठवला. आमच्या सुनेच्या मोबाइलवर तो आला. जेनिस उभी होती आणि डोक्यावर जाळी होती. जुस्तीनने चष्मा पुसून पुसून बघितला. मी म्हटलं, "फोटोपुरती घातली असेल. क्लिक झालं की काढली असेल." मी तोंडाची फटकळ आहे. पण यावेळी ते वाक्य तिच्या पोटात जाऊन बसलं. त्या दिवसापासून तिला एकच घोर लागला. फोटोत कुणीही काहीही घालतं. पोर देवळात चालत गेली तेव्हा डोक्यावर काय होतं? फोनवर विल्सन म्हणायचा, "मम्मी, घातली होती गं." ती फोन ठेवून मला म्हणायची, "आईला नाही कोण म्हणतं? मला चालताना बघायचीय."

मग एक ओळखीचा माणूस तिकडून सुट्टीवर आला. त्याच्याबरोबर विल्सनने लग्नाची पेनड्राइव्ह आणि एक काळी डबी पाठवली. डबी टीव्हीला जोडायची, तिच्यात पेनड्राइव्ह खुपसायची, की टीव्हीवर लग्न दिसतं. अगदी स्वच्छ, पापण्या मोजाव्यात असं. डबी हातभर सुद्धा नव्हती. जुस्तीनने तिला उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "आई गो, ही तर पार उघडी." संध्याकाळपर्यंत तिला टोपडं झालं. समोर दिव्यापुरतं भोक, पाठी तारांपुरतं, आणि खाली दुहेरी झालर.

एवढ्यावर ती थांबली नाही. लग्न एकटीने बघायचं नसतं, आळीबरोबर बघायचं असतं, असं तिचं म्हणणं. रविवारच्या मिस्सानंतर सगळ्यांना बोलावणं गेलं. आदल्या दिवशी आमच्यात लग्नघरी विहिरीचं पाणी वाजतगाजत आणतात. ते सुद्धा तिने सोडलं नाही. बँड नव्हता, म्हणून मी पत्र्याचा डबा वाजवत पुढे चालले आणि ती गुडघ्यांना पट्टे बांधून कळशी घेऊन मागे. बावखलातली बदकं ओरडत बाजूला झाली. कळशी टीव्हीच्या पायाशी ठेवली. रविवारी आंबवलेल्या पिठाचे फुगे तळले, कोंबडीचा रस्सा केला, उन्हात सुकवलेली सुकेळी काढली. डबीला धुतलेलं, इस्त्रीचं टोपडं घातलं. आळी नटून आली. आमचा धाकटा दीर पास्कू तर कोट घालून आला, मे महिन्यात.

लग्न सुरू झालं. आधी समुद्र, मग टेकडी, मग टेकडीवरचं छोटं देऊळ, मग पाहुणे, खूप वेळ पाहुणेच. शेवटी नवरीची गाडी आली. दार उघडलं. आतून एक पांढरा बूट बाहेर आला. आणि चित्र थांबलं.

बूट हवेतच. मग झटका बसला आणि बूट बोटभर खाली आला. परत थांबला. शाळेत मास्तरांसमोर मी पाढे म्हणायचे तशी ती डबी अडखळायला लागली. आवाज मात्र पुढे पळत होता. ऑर्गन वाजला, फादर बोलले, नवरा हो म्हणाला, टाळ्या पडल्या. आवाजात लग्न लागलं आणि चित्रात अजून बूट. पास्कू म्हणाला, "बूट मात्र चांगला आहे." जुस्तीनने त्याला फुगा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने आचोळ्याहून परबला बोलावलं. परब टीव्ही दुरुस्तीवाला, स्कूटरवरून यायचा. तो येतोय म्हटल्यावर तिने डबीचं टोपडं काढलं आणि धुवायला टाकलं. मी विचारलं, "आता का काढलंस?"

"डॉक्टर येतोय ना," ती म्हणाली. "त्याच्यासमोर कपडे घालून कसं बसणार?"

परबने डबी लावली. समुद्र, टेकडी, देऊळ, पाहुणे, सगळं लोण्यासारखं चाललं. गाडी दिसायला लागली तशी जुस्तीनने हात आडवा घातला. "बस. पुढचं आळीबरोबर."

"मावशी, एकदम मक्खन चाललंय," परब म्हणाला. "काय प्रॉब्लेमच नाय. टेन्शन नका घेऊ." तरी त्याने एक तार बदलली आणि चहा पिऊन गेला.

पुढच्या रविवारी परत आळी, परत फुगे. इस्त्रीचं टोपडं, ताजी कळशी. गाडी आली, दार उघडलं, बूट बाहेर आला आणि अडकला. या वेळी लोक तयारीत होते. बूट अडकताच सगळे एकदम हसले. जुस्तीन सुद्धा हसली, पण तिने सुपारी कातरायचा अडकित्ता इतक्या जोरात मिटला की मी पाय मागे घेतले.

परब परत आला. टोपडं परत धुवायला पडलं होतं. डबी परत शहाण्यासारखी चालली. परबने डोकं खाजवलं. "मावशी, फाइल जड आहे. डबीला झेपत नसेल कधी कधी. मी हलकी करून देतो, मग अडकायचा सवालच नाय." तो पेनड्राइव्ह घेऊन गेला आणि जड लग्नाच्या जोडीला हलकं केलेलंही त्यात भरून आला. ते त्याच संध्याकाळी लावलं. जे कोण रोझरीच्या प्रार्थनेला जमले होते तेवढे बसले. टोपडं घालूनही चित्र एकदा म्हणून थांबलं नाही. नवरी उतरली, चालली, देवळात शिरली, सगळं सरळ. पण सगळं धुरकट. बायकांना नाकं नव्हती. जेनिसच्या डोक्यावर काहीतरी पांढरं होतं, एवढं दिसलं.

"बघ, आहे डोक्यावर," पास्कू म्हणाला.

"काय आहे?" जुस्तीनने विचारलं. "माझी केळफुलं दाखव त्यात. दाखव, कुठे आहेत?"

पास्कू टीव्हीला नाक लावून आला आणि परत जागेवर जाऊन बसला. ते जाळीही असू शकत होतं, दुकानातलं झिरझिरीतही आणि टेकडीवरचं धुकंही. ती मला म्हणाली, "कात्री, एकदा तरी मला बरोबर दिसू दे. नसली घातली तर नसली. पण हे धुकं नको." ती असं रडवेलं बोलत नसे. मला तिचा राग आला, मग डबीचा आला.

म्हणून पुढच्या रविवारी जड फाइल परत लावली तेव्हा मी डबीच्या जवळच बसले होते. समुद्र. टेकडी. देऊळ. बाहेर ऊन मी म्हणत होतं. गाडी आली, दार उघडलं, बूट आला आणि बूट अडकला. मी उठले. म्हटलं, आता ही बावखलात, बदकांना बघू दे लग्न. डबी टोपड्यासकट उचलली आणि तिथेच सोडली. हात भाजला. तव्यावरच्या भाकरीसारखी तापली होती.

"जुस्तीन," मी म्हटलं, "हिला ताप आलाय."

तिने हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग माझ्याकडे बघितलं, डबीकडे बघितलं, टोपड्याकडे बघितलं. परब आला की टोपडं धुण्यात. आळी आली की टोपडं अंगावर. हलकं लग्न डबी घाम न गाळता ओढायची. जड लग्न ओढताना ती तापायची आणि वरून दुहेरी झालर. मे महिन्यात पास्कूला कोटात कसं होतं ते त्याच्याकडे बघूनच कळत होतं. कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. पास्कूने गुपचूप कोट काढला.

जुस्तीनने टोपडं काढून मांडीवर घेतलं. कुणीतरी म्हणालं, कळशीतलं पाणी मार. त्याला बाहेर बसवलं. मी सूप आणलं आणि डबीला वारा घालायला लागले. माझा हात दुखला की पास्कू, पास्कूचा दुखला की आमची सून. असं तांदूळ पाखडावेत तसं आम्ही ते लग्न पाखडत होतो, आणि बूट जमिनीला टेकला.

आळीने टाळ्या वाजवल्या. बुटामागून पाय आला, झगा आला, जेनिस आली. टेकडीवर वारा असा होता की करवलीची टोपी उडाली आणि एक म्हातारा तिच्यामागे धावला. फादरांचा झगा त्यांच्याच डोक्यावर आला. फुलांची कमान आडवी झाली. नवऱ्याचे केस एका बाजूचे दुसऱ्या बाजूला गेले. आणि या सगळ्यातून जेनिस देवळाकडे चालत होती, आणि तिच्या डोक्यावर जुस्तीनची जाळी. क्रूस मधोमध. केळफुलं एकेक मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट. वाऱ्यात जाळीचा कोपरा सुद्धा हलत नव्हता.

फक्त सुपाचा आवाज येत होता. मग जुस्तीन म्हणाली, "दोरा दुहेरी घेतला होता."

मग ती हसायला लागली. इतकी हसली की गुडघ्यावरचे पट्टे सुटले. म्हातारा अजून टोपीमागे धावतच होता. आम्ही तेवढा तुकडा परत परत लावला, आणि दर वेळी आळी त्या म्हाताऱ्याला हाका मारत होती. मी पैज हरले. तिने उरलेले सगळे फुगे माझ्या पदरात घातले, एवढंच.

पुढे जेनिसचा मला फोन आला. म्हणाली, "कात्री आजी, त्या जाळीला इतक्या पिना लावल्या होत्या की माझी मान नंतर वळेना. आजीला सांगू नका." मी सगळ्यांना सगळं सांगते, पण हे सांगितलं नाही. आता लिहिलं. जुस्तीन वाचेल तर वाचू दे.

डबीला तिने नवीन टोपडं विणलं, पण फक्त मोठाल्या भोकांचं. "बनियन," ती म्हणायची. गुडघे बरे झाल्यावर, जेनिसला दिवस गेले तेव्हा, ती न्यूझीलंडला गेली. परत येईल असं मला वाटत नाही. तिलाही वाटत नसावं, कारण जाताना डबी तिने माझ्याकडे दिली आणि वर म्हणाली, "उघडी टाकू नकोस." मी टाकते. रोज फडक्याने पुसते, बस. ते पहिलं झालरीचं टोपडं मी हंड्यावर घातलंय. मापाचं नाही, पण धूळ बसत नाही.

दर रविवारी सुनेच्या मोबाइलवर तिचा फोन येतो. समोरून तिची खोली दिसते. तिथल्या दिव्याला झगा, पाळण्याला झालर, खिडकीच्या कडीला मोजा. थोडा वेळ ती नीट बोलते. मग अडखळते. तोंड उघडं, हात हवेत, तशीच थांबते.

मी तिच्या त्या उघड्या तोंडाकडे बघून सांगते, "जुस्तीन, मोबाइलचं टोपडं काढ."

बराच वेळ काही होत नाही. मग सगळं पांढरं होतं, दोऱ्याची जाळी समोरून सरकते, तिची बोटं दिसतात आणि मग ती.

"काढलं गो," ती म्हणते. "आता बोल."